लेखी आज्ञा आणि दूरचे यंत्र : व्हर्च्युअल सर्व्हरांच्या कारभाराची ओळख

शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवसांत ‘सर्व्हर डाउन आहे’ हे शब्द ऐकले नाहीत असा पालक विरळा. सर्व्हर म्हणजे कुठेतरी ठेवलेला एक मोठा संगणक, तो बंद पडला आहे आणि कोणीतरी त्याच्यापाशी जाऊन तो दुरुस्त करील, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. आज ही समजूत दोन्ही अंगांनी अपुरी ठरते. एक तर ज्याला आपण सर्व्हर म्हणतो तो बहुधा स्वतंत्र संगणक नसतोच. एका मोठ्या यंत्राच्या पोटात चालणाऱ्या अनेक आभासी यंत्रांपैकी, म्हणजे व्हर्च्युअल मशीनांपैकी, तो एक असतो. दुसरे असे की, त्याची देखभाल करणारी व्यक्ती त्याच्याजवळ नसते. ती दुसऱ्या शहरात, कधी रात्री दोन वाजता स्वतःच्या घरी बसून, काळ्या पडद्यावर अक्षरे टंकित करून त्या यंत्राला आज्ञा देत असते.

वसतिगृहातून शिकून बाहेर पडलेली मुले-मुली जेव्हा ‘मी सर्व्हर सांभाळतो’, ‘मी सर्व्हर सांभाळते’ असे घरी सांगतात, तेव्हा या कामाचे स्वरूप आईवडिलांच्या डोळ्यांसमोर सहसा उभे राहत नाही. ते उभे करावे आणि चित्रांचा, माउसचा जमाना असताना ही मंडळी अक्षरांनीच काम का करतात, हे स्पष्ट करावे, एवढाच या लेखाचा हेतू. प्रस्तुत लेखक इतिहासाचा शिक्षक आहे. त्यामुळे मांडणीही इतिहासाच्या अंगाने होणे अपरिहार्य आहे.

साठच्या दशकाच्या प्रारंभी संगणक इतका महाग होता की, माणसाने यंत्राची वाट पाहायची, यंत्राने माणसाची नव्हे, हाच नियम होता. छिद्रांकित कार्डांचा गठ्ठा खिडकीत द्यायचा आणि उत्तरासाठी काही तासांनी अथवा दुसऱ्या दिवशी यायचे. ही रीत मोडण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बातो यांच्या नेतृत्वाखाली झाला. नोव्हेंबर 1961 मध्ये त्यांनी सीटीएसएस या प्रणालीचे प्रात्यक्षिक दाखविले. यंत्राचा वेळ अतिशय लहान तुकड्यांत वाटून अनेकांना एकाच वेळी काम करू देणारी ही व्यवस्था होती. वापरकर्ता टाइपरायटरसारख्या उपकरणासमोर बसे, एक ओळ टंकित करी आणि यंत्राचे उत्तर त्याच कागदावर छापून येई. कमांड लाइनचे, म्हणजे आज्ञेच्या ओळीचे, हे बालपण होय. पडदा नव्हताच. आज्ञाही कागदावर आणि उत्तरही कागदावर, अशा लेखी संवादातून ही पद्धत घडली, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावी.

पुढे जे टेलिटाइप यंत्र सर्वत्र प्रचलित झाले ते सेकंदाला जेमतेम दहा अक्षरे छापत असे. तशा यंत्रावर लांबलचक शब्द कोण लिहील? युनिक्स या प्रणालीतील ‘एलएस’, ‘सीपी’, ‘एमव्ही’ असे दोन-दोन अक्षरांचे आज्ञाशब्द त्या काळाची खूण अजून अंगावर वागवीत आहेत. नव्या विद्यार्थ्याला ते दुर्बोध वाटतात. पण मोडी वाचताना संक्षेपांची सवय जशी आठ-पंधरा दिवसांत होते, तशीच यांचीही होते.

आता आभासी यंत्राकडे वळू. आयबीएम कंपनीच्या केंब्रिज येथील संशोधन केंद्रात 1964 साली रॉबर्ट क्रीझी आणि लेस कोमो यांनी सीपी-40 या प्रणालीचे काम हाती घेतले. त्यांची कल्पना वेळ वाटून देण्याच्या एक पाऊल पुढची होती. प्रत्येक वापरकर्त्याला यंत्राचा केवळ वाटा न देता, अख्खे यंत्र आपल्याच मालकीचे आहे असा पूर्ण आभास द्यावयाचा. जानेवारी 1967 मध्ये ही प्रणाली नित्य वापरात आली आणि एका प्रत्यक्ष यंत्रावर चौदा आभासी यंत्रे चालू लागली. तिच्याच वंशातील व्हीएम/370 ही प्रणाली आयबीएमने 2 ऑगस्ट 1972 रोजी जाहीर केली. ‘क्लाउड’ हा शब्द जन्मण्यापूर्वी कितीतरी वर्षे त्यामागची मूळ कल्पना अशी सिद्ध झालेली होती.

ही कल्पना आपल्या परिसरातील उदाहरणाने समजून घेता येईल. वसतिगृहाची इमारत एकच असते. पाण्याची टाकी एक, विजेची जोडणी एक, स्वयंपाकघर एक. पण प्रत्येक खोलीला स्वतंत्र दार आणि स्वतंत्र कुलूप असते. खोलीत राहणाऱ्यांना शेजारच्या खोलीतील कपाट उघडता येत नाही. कोणाला किती खाटा, किती पाणी, कोणती वेळ, हे ठरविणारा गृहपाल असतो. इमारत म्हणजे प्रत्यक्ष सर्व्हर, खोल्या म्हणजे व्हर्च्युअल मशीन आणि गृहपाल म्हणजे हायपरवायजर नावाची आज्ञावली. पन्नास ताटे असताना साठ मुलांना प्रवेश देता येतो, कारण सगळे एकाच क्षणी जेवायला बसत नाहीत. हायपरवायजरही स्मृतीच्या, म्हणजे मेमरीच्या, बाबतीत हाच हिशेब करतो, आणि सगळे एकदम पंगतीला आले तर त्याचीही तारांबळ उडते. मात्र या दृष्टान्ताला एक मर्यादा आहे. खोलीतल्या मुलांना आपण वसतिगृहात आहोत हे ठाऊक असते. व्हर्च्युअल मशीनमधील प्रणालीला आपण स्वतंत्र यंत्रावरच आहोत असे वाटत असते.

साध्या पीसीच्या प्रोसेसरवर हे साधणे मात्र बराच काळ कठीण होते. कोणत्या रचनेच्या यंत्रावर असे आभासीकरण नेटके होऊ शकते, याचे निकष जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी 1974 साली मांडले होते आणि पीसीची रचना त्यांत बसत नव्हती. 1998 मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने आज्ञावलीच्या युक्तीने ही अडचण ओलांडली. 1999 मध्ये तिचे पहिले उत्पादन आणि 2001 मध्ये सर्व्हरांसाठीचे ईएसएक्स आले. 2003 मध्ये इंग्लंडच्या केंब्रिज विद्यापीठातून झेन ही मुक्त प्रणाली बाहेर पडली. 2005-06 मध्ये इंटेल आणि एएमडी या कंपन्यांनी प्रोसेसरमध्येच त्यासाठी सोय केली. फेब्रुवारी 2007 मध्ये केव्हीएम हा हायपरवायजर थेट लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाला. आज लिनक्स असलेला कोणताही बरा संगणक व्हर्च्युअल मशीनांचा यजमान होऊ शकतो तो यामुळे.

यंत्रे एका इमारतीत आली. आता प्रश्न उरला तो दुरून त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा. पूर्वी टेलनेट नावाची सोय वापरीत. तिच्यात पासवर्डसह सगळा मजकूर उघडा जात असे, पोस्टकार्डासारखा. वाटेत कोणीही वाचावा. 1995 मध्ये हेलसिंकी तंत्रविज्ञान विद्यापीठाच्या जाळ्यावर कोणीतरी असेच पासवर्ड टिपून घेतल्याचे उघडकीस आले. तेथील संशोधक टाटू युलेनेन यांनी त्यावर उपाय म्हणून त्याच वर्षी एसएसएच, म्हणजे सुरक्षित शेल, तयार केले. 1999 मध्ये त्याची ओपनएसएसएच ही मुक्त आवृत्ती आली आणि आज जगातील बहुसंख्य लिनक्स सर्व्हरांचे दार याच मार्गाने उघडते.

एसएसएचची रीत मराठी कागदपत्रांच्या अभ्यासकाला परकी वाटू नये. जुन्या पत्रांवर आरंभी शिक्का असे आणि मजकूर संपताच मोर्तब उमटविले जाई, जेणेकरून कोणाला खाली आणखी ओळ घुसडता येऊ नये. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द तेथूनच आला. एसएसएचमध्येही पत्र कोणाचे हे सिद्ध करणारी खूण वेगळी असते आणि मजकुरात वाटेत फेरफार झाला नाही हे तपासणारी खूण वेगळी असते. वापरकर्ता स्वतःसाठी दोन किल्ल्यांची जोडी तयार करतो. सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर ठेवायची. खासगी किल्ली स्वतःच्या संगणकाबाहेर कधीही जाऊ द्यायची नाही. खासगी किल्लीने केलेली सही सार्वजनिक किल्लीने पडताळता येते, पण सार्वजनिक किल्लीवरून सही बनविता येत नाही. पहिल्यांदा जोडणी करताना सर्व्हर आपला ‘ठसा’ दाखवितो आणि ‘पुढे जायचे का?’ असे विचारतो. तेथे बहुतेक जण न वाचताच ‘येस’ लिहितात. वास्तविक तो ठसा दुसऱ्या मार्गाने आधी मिळवून ताडून पाहिला पाहिजे; अन्यथा आपण कोणाच्या दारात उभे आहोत हेच ठाऊक नसते.

आता प्रत्यक्ष आज्ञा पाहू. येथे त्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टंकित करताना त्या रोमन लिपीत लिहाव्या लागतात. लिनक्सवरील केव्हीएमसाठी लिबव्हर्ट हे साधन आणि त्याची ‘व्हर्श’ ही आज्ञा वापरतात. स्वतःच्या लॅपटॉपवर बसून व्हर्शला दूरच्या यजमान सर्व्हरचा पत्ता द्यायचा आणि जोडणी एसएसएचमधून करावी असे सांगायचे. मग सर्व आज्ञा तिकडे लागू होतात. ‘व्हर्श लिस्ट --ऑल’ लिहिले की चालू आणि बंद अशा सर्व यंत्रांची यादी येते. हे हजेरीपट वाचण्यासारखे आहे आणि कोणत्याही कामाची सुरुवात येथूनच व्हावी. ‘स्टार्ट’ने यंत्र सुरू होते, ‘सस्पेंड’ने थबकते, ‘रिझ्यूम’ने पुन्हा चालू लागते. ‘मायग्रेट --लाइव्ह’ या आज्ञेने चालते यंत्र, त्यातील काम न थांबविता, एका यजमानावरून दुसऱ्यावर हलविता येते.

तीन शब्दांपाशी मात्र थांबलेच पाहिजे. ‘शटडाउन’ म्हणजे यंत्रातील प्रणालीला विनंती : आपली आवराआवर करा आणि बंद व्हा. प्रणाली ऐकेल किंवा गोठलेली असेल तर ऐकणारही नाही. ‘डिस्ट्रॉय’ हा शब्द ऐकून नवखा माणूस दचकतो, पण त्याने यंत्र नष्ट होत नाही. भिंतीवरील प्लग उपटावा तसे ते तत्क्षणी बंद पडते. डिस्कवर न लिहिलेला मजकूर जातो. डिस्क जागेवर राहते. याउलट ‘अनडिफाइन’ हा शब्द सौम्य दिसतो आणि त्याचे काम मात्र यजमानाच्या नोंदवहीतून त्या यंत्राचे नावच काढून टाकण्याचे असते. त्याला ‘--रिमूव्ह-ऑल-स्टोरेज’ ही शेपटी जोडली तर डिस्कही गेली. भयंकर वाटणारा शब्द त्या मानाने निरुपद्रवी आणि साळसूद शब्द घातक, असा हा उलटा न्याय आहे. शब्दाच्या व्यवहारातील अर्थावर विसंबू नये, त्या शास्त्रातील अर्थ पाहावा, हे व्याकरणाच्या तासाला सांगावे लागते तेच येथेही लागू पडते.

हे सगळे माउसने, चित्रमय खिडकीतूनही करता येते. मग अक्षरांचा आग्रह कशासाठी? खिडकी वाईट नाही. आलेख पाहायला, नव्या माणसाला ओळख करून द्यायला ती उत्तमच. परंतु खिडकीत केलेली टिचकी सांगता येत नाही. ‘डावीकडे तिसऱ्या जागी दाब, मग खाली जा’ असे फोनवरून सांगून पाहावे, म्हणजे प्रत्यय येईल. लिहिलेली आज्ञा मात्र जशीच्या तशी दुसऱ्याला पाठविता येते, चालविण्यापूर्वी चार जणांना वाचता येते, चूक दाखविता येते, जपून ठेवता येते. एका यंत्रासाठी लिहिलेली आज्ञा चार ओळींच्या स्क्रिप्टमध्ये घातली की तीस यंत्रांना लागू होते. खिडक्यांच्या प्रणालीवर ज्या मायक्रोसॉफ्टने नाव कमावले, तिनेही 2006 मध्ये पॉवरशेल हे आज्ञासाधन दिले आणि विंडोज सर्व्हर 2008 मध्ये नेहमीच्या खिडक्या नसलेली ‘सर्व्हर कोअर’ आवृत्ती आणली. व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआय सर्व्हरांसाठी ‘ईएसएक्ससीएलआय’ ही आज्ञा आहे आणि पॉवरशेलमधून वापरावयाचा पॉवरसीएलआय हा संचही आहे. मौखिक कारभार आणि लेखी कारभार यांतील अंतर इतिहासाच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगायला नको.

या लेखी आज्ञेची ताकद दुधारी आहे. 31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅब या कंपनीत घडलेली घटना या क्षेत्रात शिकविली जावी अशी आहे. जगभरातील प्रोग्रामर आपले काम जेथे ठेवतात अशी ही सेवा. तिचे सर्व्हर त्या वेळी मायक्रोसॉफ्टच्या अझूर क्लाउडवर, म्हणजे भाड्याच्या आभासी यंत्रांवर होते. मुख्य डेटाबेसचा एक सर्व्हर आणि त्याची प्रत ठेवणारा दुसरा, अशी जोडी होती. प्रत मागे पडू लागली म्हणून रात्री उशिरापर्यंत झगडणाऱ्या अभियंत्याने दुसऱ्या सर्व्हरवरील निरुपयोगी झालेला साठा पुसण्याची आज्ञा दिली. ती पहिल्या सर्व्हरच्या पडद्यावर दिली गेली. एक-दोन सेकंदांत ध्यानात येऊन त्याने हात आवरला, पण सुमारे 300 जीबींपैकी 4.5 जीबी तेवढे उरले होते. मग बॅकअप शोधू लागले तेव्हा कळले की, नित्याचा बॅकअप आवृत्तीच्या विसंगतीमुळे मुळीच होत नव्हता आणि तसे कळविणारे मेलही पोहोचत नव्हते. त्याच अभियंत्याच्या हातून सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी घेतली गेलेली प्रत मिळाली म्हणून निभावले. त्या सहा तासांतील मजकूर मात्र कायमचा गेला.

गिटलॅबने ही सारी हकीकत स्वतः प्रसिद्ध केली, दुरुस्तीचे काम लोकांना थेट पाहू दिले आणि अभियंत्याचे नाव अहवालात दिले नाही. त्यांनी सुचविलेल्या सुधारणांपैकी एक अगदी साधी होती : प्रत्येक सर्व्हरच्या आज्ञाओळीच्या आरंभी दिसणारे नाव असे ठळक वेगळे करावे की, आपण कोणत्या यंत्रावर आहोत याविषयी भ्रम होऊ नये. मुख्य सर्व्हरला लाल अक्षरे आणि सरावाच्या सर्व्हरला हिरवी, एवढ्याने बरेच साधते. फुकट आहे. तरीही किती ठिकाणी केले जाते?

दुसरी घटना फेब्रुवारी 2023 मधली. ईएसएक्सआय सर्व्हरांवर खंडणीखोर आज्ञावलीची लाट आली आणि अनेक देशांतील हजारो सर्व्हर सापडले. ज्या दोषातून ती शिरत असल्याचे त्या वेळी सांगितले गेले, त्याची दुरुस्ती कंपनीने दोन वर्षांपूर्वीच, फेब्रुवारी 2021 मध्ये, उपलब्ध करून दिली होती. ती बसविलेली नव्हती आणि यंत्रे थेट इंटरनेटवर उघडी होती. त्या हल्ल्याच्या स्क्रिप्टमध्ये चालू व्हर्च्युअल मशीनांची यादी मिळविण्यासाठी ‘ईएसएक्ससीएलआय’ हीच आज्ञा वापरलेली होती, जी प्रामाणिक व्यवस्थापक रोज वापरतो. गृहपालाची किल्ली चोराच्या हाती गेली की एकेका खोलीचे कुलूप कितीही मजबूत असले तरी काय उपयोग? म्हणून यजमान सर्व्हरचे व्यवस्थापन उघड्या इंटरनेटवर कधीच ठेवू नये. मध्ये एकच राखीव दरवाजा असावा, किल्लीशिवाय नुसत्या पासवर्डने प्रवेश बंद असावा आणि दुरुस्त्या वेळच्या वेळी बसवाव्यात.

नोंदीविषयीही थोडे सांगितले पाहिजे, कारण येथे इतिहासाचा थेट संबंध येतो. शेलमध्ये दिलेल्या आज्ञांची यादी आपोआप साठते, तिला ‘हिस्टरी’ असेच नाव आहे. नाव भारदस्त असले तरी पुरावा म्हणून ती दुबळी आहे. ज्याची ती नोंद, त्यालाच ती पुसता येते. विश्वसनीय नोंद ती, जी घडतानाच दुसऱ्या यंत्रावर जाऊन बसते. त्याहून मोठा दोष म्हणजे सर्वांनी ‘रूट’ हे एकच सर्वाधिकारी खाते वापरणे. दहा जणांनी एकाच सहीने कागद काढले तर जबाबदार कोण, हे कोणते दप्तर सांगणार? प्रत्येकाचे स्वतःच्या नावाचे खाते असावे, अधिकाराची गरज पडेल तेव्हा ‘सुडो’ वापरावे, म्हणजे कोणी, केव्हा, कोणती आज्ञा दिली हे नावानिशी नोंदले जाते. काही कार्यालयांत याला अविश्वास समजतात. पण उद्या आळ आला तर निर्दोष माणसाला वाचविणारी नोंदही हीच असते.

लहान गावात राहणाऱ्यांसाठी या पद्धतीचा एक लाभ फार मोलाचा आहे. अक्षरांना बँडविड्थ लागत नाही म्हटले तरी चालेल. ज्या मोबाइल नेटवर चित्रमय पडदा अडखळतो, तेथे एसएसएच सुरळीत चालते. जुना, कमी शक्तीचा संगणकही पुरतो, कारण खरे काम दूरच्या यंत्रावर होत असते. अडचण येते ती वीज किंवा नेट मध्येच जाण्याची. त्यासाठी ‘टीमक्स’ किंवा ‘स्क्रीन’ यांच्या आत काम सुरू करावे. जोडणी तुटली तरी काम तिकडे चालू राहते आणि परत येऊन तेथूनच पुढे जाता येते. दूरच्या यंत्राची नेटवर्क मांडणी बदलताना आपणच बाहेर कोंडले जाण्याचा धोका असतो. जुनी मांडणी परत आणणारी आज्ञा दहा मिनिटांनंतरच्या वेळेला आधीच लावून ठेवावी आणि सर्व ठीक असेल तर ती रद्द करावी.

नववी-दहावीच्या पुढील विद्यार्थ्यांना हे शिकायला खर्च जवळजवळ नाही. 8 जीबी मेमरी असलेला जुना संगणक, त्यावर लिनक्स, केव्हीएम आणि लिबव्हर्ट. ही सगळी साधने विनामूल्य आहेत. ‘एलएससीपीयू’ ही आज्ञा देऊन प्रोसेसरमध्ये आभासीकरणाची सोय आहे का हे पाहावे; ती असूनही काम होत नसेल तर बायोसच्या मांडणीत बंद असेल, ती सुरू करावी. दोन लहान व्हर्च्युअल मशीन तयार करावीत आणि त्या संगणकाला हात न लावता दुसऱ्या संगणकावरून एसएसएचने त्यांचा कारभार करावा. पहिल्याच दिवशी ‘व्हर्श डम्पएक्सएमएल’ने त्यांपैकी एका यंत्राचे वर्णन फाइलमध्ये उतरवून घ्यावे, ते यंत्र ‘शटडाउन’ने बंद करावे, मग मुद्दाम ‘अनडिफाइन’ करावे, यादीतून नाव गेल्याची खात्री करावी आणि त्या फाइलवरून ‘डिफाइन’ ही आज्ञा देऊन ते परत उभे करावे. परत उभे राहिले तर ती फाइल एका पेन ड्राइव्हवर, तारीख घालून, वेगळी ठेवावी.